नव्या कण्याला तेल

भाताच्या पेंढ्यावर आडवा ठेवलेला तो लोखंडी कणा आजही डोळ्यांपुढे येतो… काळा, ओशट, मधोमध पोट फुगलेला आणि दोन्ही टोकांना परातीएवढे गोल डबे असलेला. मार्गशीर्षातली कोवळी सकाळ होती. पाटाचे पाणी पानवेलींच्या मुळांशी नुकतेच पोहोचले होते, मांडवावर सुकेळीसाठी वाळत घातलेल्या राजेळी केळ्यांचा मधासारखा जड गंध हवेत साचला होता, आणि त्या गोडव्यात गंजाचा, जुन्या वंगणाचा परका वास असा मिसळला होता, की पुढे कुठेही सुकेळी दिसली तरी मला प्रथम लोखंडच आठवत आले.

ती वाडी पास्कूकाकांची. त्यांचे घर आणि आमचे घर यांच्यामध्ये एक बावखल होते—वसईच्या वाड्यांत असते तसे, काठावर माडांची सावली धरून बसलेले हिरवट तळे. पहाटे अलीकडच्या काठावर माझे वडील, आप्पा, संध्येचे अर्घ्य देत, आणि त्याच वेळी पलीकडे चर्चची घंटा ऐकून पास्कूकाका कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावीत. दोघे आपापले संपवून मगच एकमेकांना हाक घालीत.

पास्कूकाका तरुणपणी मुंबईला एका गोऱ्या साहेबाकडे मोटार हाकीत असत. देश स्वतंत्र झाला, साहेब विलायतेला निघाला, आणि जाताना आपली जुनी मोटार त्यांना देऊन गेला. दोनच माणसांची, बुटकी, लांब नाकाची, वर छप्पर नसलेली—शर्यतीसाठी घडवलेली ती हिरवी गाडी केळीच्या वाडीत अगदीच विजोड दिसे. पहिल्याच वर्षी एका दगडी मोरीवर तिचा मागचा कणा मोडला, आणि तेव्हापासून ती खोपीत कोंबड्यांच्या स्वाधीन झाली होती.

ती पुन्हा चालती करण्याचे कारण माझी आई.

भाद्रपदात विहिरीच्या पायरीवर घसरून आईचे कमरेजवळचे हाड मोडले. हाडवैद्याने बांधले, लेप दिले. पण बाजेवरून कूस बदलतानाही तिचे ओठ पांढरे पडत. आणि इकडे आगाशीला तिचे वडील, आमचे अण्णा, हळूहळू मावळत होते. ते मोठे शास्त्री. मुलींना शिकवण्याची रीत नसलेल्या काळात त्यांनी आईला मांडीवर घेऊन अमरकोश म्हणवून घेतला होता. तिने पुढे तो माझ्याकडून म्हणवून घेतला. आता त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती, अन्न सुटले होते, आणि आगाशीहून येणारा प्रत्येक माणूस एकच निरोप आणी—अण्णा विचारतात, यमू कधी येणार?

यमू म्हणजे माझी आई. बैलगाडीचा पहिलाच हिसका तिला सोसला नाही. मग डोली करून पाहिली; फाटकाशी पोहोचेपर्यंत तिची शुद्ध हरपली. भाड्याची मोटारगाडी थांबे त्या ठिकाणापर्यंत जाणे हेच जिथे अशक्य, तिथे दुसरा उपाय कोणता? त्या संध्याकाळी पास्कूकाका आमच्या ओटीवर आले. टोपी काढून खांबाला टेकले. मग म्हणाले, "भटजी, माझी गाडी अरुंद, थेट दाराला लागंल. वयनी एकदा बसल्या की माणूस चालतो तेवढ्याच चालीनं नेईन. फक्त कणा पायजे."

कणा मुंबईच्या जुन्या बाजारात मिळाला. त्याच कंपनीच्या एका मोडीत निघालेल्या मोठ्या मोटारीचा होता तो. ब्रेकचे ड्रम, म्हणजे टोकांचे ते गोल डबे, आतल्या पट्ट्या, सारे त्याच्यासकट आले. स्टेशनातून तो आणला गोविंदा सुताराने, आपल्या बैलगाडीतून. आमच्या पंचक्रोशीत गाड्यांची चाके आणि विहिरींचे रहाट गोविंदाच्याच हातचे असत. मोटारीला मात्र त्याने जन्मात हात लावला नव्हता. त्याने तिच्याभोवती सावकाश प्रदक्षिणा घातली आणि वाकून खाली पाहिले.

"हिला बैल कुठं जुपायचे?"

"बैल हिच्या पोटात हायेत," पास्कूकाका म्हणाले. "तू मागं उभा राहू नको, लाथ मारतील."

"शेन तरी देतात का?"

"धूर देतात."

"मंग काय उपेग," गोविंदा म्हणाला, आणि बाही सारून कामाला लागला.

आंब्याच्या फांदीला काथ्याचे दोर टाकून त्यांनी गाडीचा मागचा भाग उचलला आणि खाली ओंडके रचले. गंजलेले नट रॉकेल पाजून पाजून सोडवले. मोडका कणा बाहेर आला तेव्हा पास्कूकाकांनी क्षणभर त्यावर हात ठेवला; तो हात मला अजून दिसतो. नवा कणा थोडा वेगळ्या मापाचा निघाला, गाडी तोलणाऱ्या कमानी त्यावर नीट टेकेनात. तेव्हा गोविंदाने खैराच्या लाकडाच्या चकत्या तासून दिल्या आणि पास्कूकाकांनी त्या मध्ये घालून कणा आवळला. ब्रेकच्या जुन्या सळया लांबीला कमी पडल्या, त्या लोहाराकडून जोडून आणल्या. मी पाटाच्या कडेला बसून सारे पाहत असे आणि घरी येऊन आईला सांगत असे. ती डोळे मिटून ऐके. तिला त्यातले काय कळत होते कोण जाणे, पण "आज किती झालं?" हा तिचा प्रश्न चुकत नसे.

आता एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे गाडीला नवा कणा बसला, की त्याला पहिले तेल घरच्या सवाष्णीच्या हातचे लागे. कोरडे चाक उंबऱ्याबाहेर काढणे अशुभ मानीत. कणा बसला त्या दुपारी गोविंदा दाराशी येऊन म्हणाला, "वयनींसाठी गाडी चाललीय, तर तेल वयनींचंच." पास्कूकाका जेवायला निघाले होते. "लाव बाबा, देवाचं नाव घेऊन लाव," एवढे म्हणून ते गेले. आईने पडल्या पडल्या एरंडेलाच्या वाटीत बोटे बुडवली. आप्पांनी शांतिमंत्र म्हटला. मी वाटी नेली… आणि गोविंदाने अत्यंत भक्तिभावाने, वरून थेंब लावून नव्हे, तर दोन्ही ड्रम उघडून, आतल्या पट्ट्यांवर बोटाने माखून माखून ते तेल लावले आणि झाकणे बसवली.

दुसऱ्या दिवशी गाडीने फार काळाने आवाज केला. वाडीतली पाखरे उडाली. पास्कूकाका एकटेच बसून बावखलाकडच्या उतारावर निघाले, वळणापाशी त्यांनी ब्रेक दाबला, आणि गाडी थांबली नाही. ती तशीच, चाल न मोडता, पाण्याच्या दिशेने जात राहिली. ऐन काठावर त्यांनी चाक फिरवले आणि ती पेंढ्याच्या उडवीत शिरली. सगळे धावले. पेंढ्याखालून पास्कूकाका निघाले. कपाळाला खरचटले होते. त्यांनी ड्रम उघडला आणि बोट नाकाशी नेले.

"गोविंदा, आत काय घातलंस?"

"तेल. तुमी म्हनाला, लाव."

"अरे, बैलगाडी थांबवायला बैल असतो. हिला थांबवायला ही एवढी पट्टी. ती कोरडीच लागते."

गोविंदा खाली बसला. आप्पा हळूच म्हणाले, "पुसून घेता नाही यायचं?"

"मुरलंय, भटजी. जाळूनच काढायला लागंल. थांबता न येणाऱ्या गाडीत मी वयनींना बसवनार नाय."

त्याच सांजेला आगाशीहून निरोप आला—अण्णांनी आता पाणीही नको म्हटले.

लोहाराच्या भट्टीवर त्या पट्ट्या निखाऱ्यांपाशी ठेवल्या, तापवल्या, पुसल्या, पुन्हा तापवल्या. तेल घामासारखे वर येई आणि धूर होऊन जाई. वाऱ्याबरोबर तो वास आईच्या खोलीत गेला. काय झाले ते तिला कुणी सांगितले नव्हते. पण एरंडेल जळताना ओळखू येतेच. तिने गोविंदाला बोलावून घेतले. तो उंबऱ्याबाहेर मान खाली घालून उभा राहिला.

"वयनी, माज्यामुळं उशीर झाला. तिकडं काय कमी-जास्त झालं तर…"

"तेल मी दिलं, गोविंदा," आई म्हणाली. "जळू दे. आणि जेवल्याशिवाय जाऊ नकोस."

आयुष्यभर देवापुढे दिवे लावताना मला हा विचार सोडून गेला नाही, की चालण्यासाठी जसे तेल लागते तसा थांबण्यासाठी कोरडेपणा लागतो, आणि दोन्ही गोष्टी एकाच चाकाच्या पोटात, एकमेकांना न शिवता राहाव्या लागतात.

पट्ट्या पुन्हा बसल्यावर पास्कूकाकांनी शेजारच्या आसनावर पाण्याने भरलेला तांब्या ठेवला आणि त्याच उतारावरून ते गाडी नेत राहिले, थांबवत राहिले. पहिल्यांदा आसन भिजले. मग थोडे सांडले. अखेर तांब्यातले पाणी नुसते थरथरून स्थिर झाले, तेव्हा ते म्हणाले, "आता वयनींना आणा."

आईला गादीसकट उचलून बसवले. तेवढ्यानेही तिच्या डोळ्यांतून पाणी आले. पण तिने आवाज केला नाही. मी मागच्या अरुंद फळीवर. आप्पा आणि गोविंदा मागून बैलगाडीने आले, आणि बैल अनेकदा आमच्या पुढे गेले! वाटेत मिठागरांकडून खारा वारा येत होता. आईने किती महिन्यांनी आभाळ पाहिले असेल…

आगाशीच्या फाटकाशी गाडी थांबली. थांबल्याचे आईला कळलेही नाही. पण तिला पुन्हा उचलणे त्या दिवशी शक्य नव्हते, आणि घर आत, पोफळींच्या चिंचोळ्या वाटेच्या टोकाला होते. तेव्हा मामांनी अण्णांनाच दोन्ही हातांवर उचलून बाहेर आणले. वजन असे उरलेच नव्हते. बसवायचे कुठे? जागा एकच होती. पास्कूकाका खाली उतरले, खांद्यावरच्या पंच्याने त्यांनी आसन पुसले आणि संकोचून म्हणाले, "शास्त्रीबुवा, ही जागा माझी. तुमाला चालंल?"

"सारथ्याची जागा," अण्णा क्षीण आवाजात म्हणाले. "मला बढतीच मिळाली म्हणायची."

ते बसले. आईने त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला, पळीभर पाणी त्यांच्या ओठांना लावले आणि ते त्यांनी घेतले. मग दोघेही नुसते बसून राहिले. एकाला दिसत नव्हते, दुसरीला हलता येत नव्हते, आणि गाडी उभी होती. पोफळींच्या सावल्या लांबत गेल्या. पास्कूकाका फाटकाला टेकून टोपी हातात धरून उभे होते. बऱ्याच वेळाने अण्णांनी विचारले,

"यमू, कुठवर आलो गं?"

आईने समोरच्या न हलणाऱ्या वाटेकडे पाहिले.

"आलोच, अण्णा," ती म्हणाली.

त्यांनी समाधानाने मान डोलावली. पौर्णिमेच्या आतच ते गेले. आई पुढे काठी घेऊन चालू लागली आणि पुष्कळ वर्षे जगली. ती गेली त्यालाही आता फार काळ लोटला. ती वाडी नाही, बावखल बुजवून तिथे इमारत उभी राहिली, आणि मला तिथे नेऊन उभे केले तर पूर्व कोणती तेही सांगता यायचे नाही. आईच्या हाताखाली शिकलेले पुष्कळसे विसरले. तिच्या त्या दोन शब्दांत सत्य किती आणि असत्य किती, याचा निवाडा मात्र इतकी शास्त्रे वाचूनही मला करता आलेला नाही, आणि आता तो करावासाही वाटत नाही.