मेनसमोरचा पाट

बंदकाका घरात शिरले की आधी भिंतींकडे बघायचे, मग माणसांकडे. मोबाईल काढून नेला आणि चार्जर तसाच लटकतोय, आतल्या खोलीत कुणी नाही आणि पंखा फिरतोय, टीव्ही रिमोटने बंद केलाय पण त्याचा लाल दिवा जळतोच आहे, असं सगळं खट खट बंद करत ते आत यायचे आणि मगच विचारायचे, "बोल बाय, काय बिघाडलं?" कुणी हसलं तर म्हणायचे, "रिकाम्या खोलीत पंखा कुनाला वारा घालतो? भुताला?" चाळीतल्या पोरांनी त्यांचं नाव बंदकाका पाडलं ते कायमचं. मनवेलपाड्यात आमच्या दोन मजली चाळीचे ते वायरमन. मूळचे नायगावकडच्या खाडीकाठच्या गावातले, घरची भातशेती. वायरमनचं काम त्यांना कुणी शिकवलं ते मी कधी विचारलं नाही. मी कुणालाच काही विचारत नसे.

लग्न होऊन मी इथे आले तेव्हा आंघोळीचं पाणी बादलीत रॉड सोडून तापवायचो. पाणी तापलं का बघायला सगळ्याच बायका चालू रॉडच्या बादलीत बोट बुडवायच्या. मीही बुडवायची. एकदा मी हात पुढे करतेय तेवढ्यात काका दारात आले. ओरडले नाहीत. बटण बंद केलं, पिन काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आता बोट घाल, नायतर अख्खी बादलीत बस." मी लाजून आत पळाले. पण त्या दिवसापासून आजपर्यंत पिन काढल्याशिवाय माझा हात पाण्याला लागलेला नाही.

इस्त्री करायचीही त्यांची एक पद्धत होती. एकेका शर्टासाठी इस्त्री तापवायची नाही, आठवड्याचे कपडे एकदम घ्यायचे. आणि दोन रुमाल शेवटी ठेवायचे. बाकीचं झालं की बटण बंद करायचं आणि ते रुमाल उरलेल्या गरमीवर करायचे. "तेवढी गरमी काय फेकून देनार?" असं ते इतक्या जीव तोडून विचारायचे, जणू कुणी शिजलेला भात गटारात ओततंय. आमचा फ्रीज भिंतीला चिकटून होता, तोही त्यांनी वीतभर पुढे ओढून दिला. "त्याला पन पाठीला वारा पायजे."

पण त्यांचं खरं लक्ष असायचं मेन स्विचकडे. चाळीचा मेन जिन्याखाली होता. तिथे चिनीमातीचे जुने फ्यूज होते तोवर काका काम सुरू करायच्या आधी फ्यूज उपटून सदऱ्याच्या खिशात टाकायचे. शिडीवर चढले की खिशात ते किणकिण वाजायचे. पुढे चाळमालकाने तो बोर्ड बदलून नवीन बटणांचा बसवला. सगळे खूश झाले, काकांनी तेवढा रिकामा खिसा चाचपला. मग म्हणाले, "आता खिशात काय टाकू? हे बटन कोनीपन येऊन चढवील." तेव्हापासून ते काम करताना मेनसमोर एक माणूस बसवू लागले.

एकदा दुपारी त्यांनी मला बसवलं. माझ्याच घरचा पाट आणून जिन्याखाली टाकला. "मी वर शेवटच्या खोलीत हाय. कोनी आलं तर नाय म्हनायचं. एवढंच काम."

एवढंच काम, पण ते मला जमणारं नव्हतं. समोरच्या शेवंतावहिनी आल्या. त्यांचं वाटण मिक्सरमध्ये अर्धवट राहिलेलं, पाहुणे यायची वेळ झालेली. "सरक गं, दोन मिनिटं लावते." मी उठून उभी राहिले. "वर काका..." एवढंच तोंडातून निघालं, तेही मलाच ऐकू आलं असेल. त्यांनी बटण वर केलं. वरून स्टूल पडल्याचा आवाज आला आणि त्यामागून माणूस पडल्याचा.

काकांची दोन बोटं भाजली, उजवं मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, पडले म्हणून सुटले, तारेला चिकटले असते तर संपलं होतं. वहिनी रडल्या आणि रडता रडता सगळ्यांना सांगत राहिल्या, "मला काय माहीत? ही तिथेच होती, बोलली का एक शब्द?" त्या खोटं बोलत नव्हत्या. मी कितीतरी दिवस जिन्याखालून जाताना त्या बोर्डाकडे मान वर करून बघितलं नाही.

प्लास्टर निघाल्यावर काका पुन्हा कामाला आले. वरच्याच खोलीचं काम अर्धं राहिलं होतं. माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "पाट घे, चल."

"मी नको काका. दुसऱ्या कुणाला तरी बसवा."

"दुसरीला कशाला? ती नव्यानं चूक करनार. तुजी करून झालीय." मग प्लास्टरमधून निघालेला पांढरट हात दाखवून हसले. "आनि मना आता मोडायला हात एकच उरलाय. म्हन बघू, नाय."

"नाही," मी म्हटलं.

"तुज्यापेक्षा माजा पंखा मोठ्यानं बोलतो. परत म्हन."

तीन-चारदा म्हणायला लावलं आणि वर गेले. अर्धा तास झाला नसेल, तेवढ्यात नळाला पाणी आलं. पाण्याची वेळ संध्याकाळची, त्या दिवशी आधीच सोडलं. येतं ते जेमतेम तासभर. मोटर लावली नाही तर टाकी कोरडी. बघता बघता जिन्याखाली सगळी चाळ जमली. "मेन लाव गं, पाणी जाईल!" "उद्या काय तुझ्या घरून भरायचं?" चाळमालक स्वतः पुढे आले. त्यांच्यासमोर मी कधी पदर सावरल्याशिवाय उभी राहिले नव्हते. त्यांनी हात पुढे केला. मी पाटावरून उठले आणि बोर्डाला पाठ लावून उभी राहिले.

"नाही."

सगळे एकदम थांबले. "काकांचे हात वर तारेत आहेत. ते स्वतः खाली येऊन सांगेपर्यंत मी सरकणार नाही."

"अगं बाई," मागून वहिनी म्हणाल्या, "हिला आवाज आहे!"

काका उघड्या तारा बांधून खाली आले, तोवर बराच वेळ गेला होता. त्यांनी स्वतः मेन लावला. टाकी त्या दिवशी अर्धीच भरली आणि दोन दिवस बायका माझ्याशी धड बोलल्या नाहीत. काका मात्र पाट उचलून माझ्या हातात देताना म्हणाले, "वर ऐकायला आला तुजा आवाज." बस, एवढंच. पुढच्या महिन्यात वहिनींच्या गीझरचं काम निघालं, तेव्हा त्याच माझ्याकडे आल्या. "तूच बस बाई. माझा माझ्यावर भरवसा नाही."

नंतर काकांना दिसायला कमी आलं आणि मुलगा त्यांना नायगावला टॉवरमध्ये घेऊन गेला. त्यांच्या जुन्या शेताच्याच बाजूला ती इमारत. मी एकदा भेटायला गेले. हाताने भिंत चाचपत येऊन त्यांनी दार उघडलं आणि पहिलं विचारलं, "निघताना पिन काढलीस ना?" मी हो म्हटलं, मगच आत घेतलं. गेल्या पावसाळ्यात ते गेले. कळलं तेव्हा मी इस्त्री करत होते. बटण बंद केलं आणि शेवटी ठेवलेले दोन रुमाल इस्त्री करत बसले. ते झाले तरी इस्त्री फिरवतच होते.

आता चाळीत नवीन वायरमन येतो. कामाला चांगला आहे, कानात गाणी लावून काम करतो. पहिल्याच दिवशी मी पाट घेऊन जिन्याखाली गेले तर हसला. "ताई, दोन मिनिटांचं काम आहे. तुम्ही कशाला बसता? जा घरी."

मी त्यालाही नाही म्हटलं आणि पाट टाकून बसले.