संस्थेला सात माणसं लागतात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आणि खरं सांगू? आता लपवायचाही कंटाळा आलाय.

मी बोईसरला एका कारखान्याच्या लॅबमध्ये काम करते. आमच्याकडे पॅकिंगला वनशी यायची, वाणगावच्या आतल्या एका पाड्यावरून. दिवाळी झाली की तिथली माणसं पोराबाळांसकट वीटभट्टीवर जातात, आणि पोरांची शाळा सुटते ती सुटतेच. वनशीच्या डोक्यात होतं — पोरांना मागं ठेवायचं, बायांनी आळीपाळीनं रांधायचं, शाळेची रिकामी खोली मागायची. सरपंच म्हणाले, आधी संस्था नोंदवून आणा. नोंदणीला सात माणसं लागतात. वनशी धरून सहा बाया तयार झाल्या. बाकीच्यांपैकी कुणाकडे आधार कार्ड नाही, कुणाचा नवरा नको म्हणतो... सातवी मी. मीच तोंड वर करून म्हणाले होते, "मी आहे ना!"

हौस, दुसरं काय?

मग लॅबमधला एक जण सहज बोलून गेला — उद्या काही भानगड झाली तर धर्मादाय कार्यालयातले तुम्हालाच धरतील मॅडम, त्या बाया थोड्याच सापडणार? मी हसले. पण ते मनात बसलं. घाबरले मी. कशाला, ते आजही नीट सांगता येत नाही.

पालघरला वकिलासमोर सगळ्यांनी मिळून सह्या करायच्या होत्या. मी रजा घेतली. गेले — हो, गेले होते मी! रस्त्याच्या पलीकडून पाहिलं. वकिलाच्या पायरीवर पाचजणी बसलेल्या, ठेवणीतली लुगडी नेसून. वनशी उभी, स्टेशनकडच्या वाटेवर डोळे लावून. मला फक्त रस्ता ओलांडायचा होता.

मी रिक्षा केली आणि शिरगावच्या किनाऱ्यावर जाऊन बसले. फोन बंद. दुसऱ्या दिवशी तिला म्हणाले, कंपनीनं सोडलंच नाही गं.

चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "नाय ताई, आमचंच चुकलं. तुमाला उगा तरास दिला."

तेव्हा तरी बोलायचं ना? पण नाही. पुढच्या आठवड्यात येते, त्याच्या पुढच्या आठवड्यात येते — असं करत राहिले. तोवर भट्टीच्या गाड्या आल्या. वनशीची सुनीता बापाबरोबर गेली, त्याला रांधून घालायला. हुशार पोर होती. परत आली, पण वर्गात बसली नाही. लग्नही लवकर झालं.

पुढच्या वर्षी संस्था झाली, माझ्याऐवजी दुसऱ्या एका बाईला घेऊन. खोली मिळाली. पोरं राहतात, शिकतात. दरवर्षी कार्यक्रमाला मला बोलावतात, नारळ देतात. आणि दरवर्षी वनशी माईकवर सांगते, "ह्या ताई पयल्यापासून आमच्या हायेत. तवा कंपनीनं सोडलं नाय, नायतर संस्थेत यांचंबी नाव असतं."

सगळे टाळ्या वाजवतात. सुनीताही वाजवते, कडेवरचं पोर सावरत. मी नारळ घेते, हात जोडते आणि खुर्चीवर येऊन बसते.