साडूंच्या फोनमधली बाई

कोंढ्याच्या माझ्या साडूंइतकं छळवादी गिऱ्हाईक भंडारा जिल्ह्यात दुसरं नसेल. त्यांना दिसत नाही, हे तर त्यांच्याशी भांडताना ध्यानातही राहत नाही. त्यांचा फोन सगळं वाचून दाखवतो, तेही इतक्या वेगानं की आपल्याला नुसती किरकिर ऐकू यावी. त्या आवाजाला ते 'बाई' म्हणतात. एका लग्नात त्यांनी थेट आचाऱ्याला गाठलं होतं. "बाई म्हणते पत्रिकेत बाराचं जेवण हाय, आन् तुमी आता भात टाकून राहिले?"

मी काळीपिवळी चालवत वर आलेला माणूस. आता भंडारा-पवनी रस्त्यावर माझ्या दोन मिनीबस धावतात. वेबसाइट केली तेव्हा वेबसाइटवाल्याशी घासाघीस करून ऑफिसातल्या रंगवलेल्या वेळापत्रकाचा फोटोच टाकून घेतला. साडू भंडाऱ्याला माझ्या काउंटरवर आले आणि प्रवाशांसमोर फोनचा आवाज मोठा केला. बाई म्हणाली, "चित्र." पुन्हा दाबलं. "चित्र."

"पाहा साडभाऊ, तुमच्या गाड्या चित्रातच धावून राहिल्या."

लोक हसले. माझं डोकं फिरलं. "टाइम पायजे तं मले फोन करा ना."

"घराबाहेर पडाले दरवेळी तुमाले विचारू काय?"

हे मी मनात धरलं. रागारागात वेळा टाइप करून घेतल्या, पुन्हा घासाघीस करूनच. जाण्याच्या आणि येण्याच्या वेळा शेजारी शेजारी, वर फक्त बाण काढलेले. बाईला बाण दिसत नव्हते, ती नुसते आकडे वाचायची. मी मात्र साडूंना ऐटीत कळवलं, "आता बोलते तुमची बाई."

पुढं पवनीला त्यांच्या नातीचं बारसं निघालं. जावई न्यायला माणूस पाठवतो म्हणाले, तर साडूंचं उत्तर, "नातीच्या बारशाले मी माह्या पायानं येतो."

मीही त्याच बारशाला निघालो होतो. कोंढ्याच्या स्टॉपवर साडू उभे दिसले, पांढरा कडक सदरा, हातात बाळाच्या वाळ्यांची डबी. पवनीची गाडी केव्हाच गेली होती. त्यांनी ऐकलेली वेळ भंडाऱ्याकडे येणाऱ्या गाडीची होती, हे घड्याळ पाहताच मला उमगलं. मी कार थांबवून हाक मारणार, तेवढ्यात पानठेलेवाल्यानं त्यांना विचारलं, "काहून थांबले भाऊ? गाडी तं गेली."

"साडभाऊच्या वेबसाइटवर टाइम बराबर होता गा," साडू म्हणाले. "माहीच तयारी लांबली."

मी खाली उतरून त्यांच्यासाठी कारचं दार उघडलं. चारचौघांत माझी फजिती करायची याहून चांगली संधी त्यांना मिळाली नसती. कारमध्येही ते भांडले नाहीत. भांडले असते तर मला तोंड उघडता आलं असतं. पोचलो तोवर पाळणा म्हणून झाला होता. दारातच त्यांनी विचारलं, "नाव काय ठेवलं?"

दुसऱ्या दिवशी वेबसाइटवाल्याला घेऊन मी कोंढ्याला गेलो. त्यानं मागितले तेवढे पैसे कबूल केले आणि साडूंना शेजारी बसवून प्रत्येक वेळेपुढं गाव आणि दिशा लिहून घेतली. आता बाई नीट सांगते, कोंढ्याहून पवनीकडे, कोंढ्याहून भंडाऱ्याकडे.

काउंटरवर कुणाचा फोन मोठ्यानं वाजला की अजून माझी मान वर होते. साडू नसतात. ते आपले कोंढ्याला गाडीत चढून नातीकडे गेलेले असतात, आणि ते मला कंडक्टरकडून कळतं.