मिठाच्या वर वरण

माझ्या भाऊजींनी बरोबरच्या चिन्हाला, म्हणजे त्या दोन आडव्या रेघांना, जितका जीव लावला तितका माझ्या बहिणीलाही लावला नसेल, आणि हे मी तिचा सख्खा भाऊ असून कौतुकानं सांगतो आहे. सत्तरच्या दशकात नागपूरच्या एका कचेरीत खोलीभर कॉम्प्युटर आला आणि भाऊजी त्याच्या चाकरीला लागले. तेव्हापासून शेलूबाजारला सासुरवाडीला आले, की इतर जावई जेवणानंतर पान मागतात तशी ते पाटी मागत. पाटीवर मला समजावत, की यंत्रानं काय करायचं तो प्रोग्रॅम. पण कागद किती रुंद, दर कोणता, सुट्टी कधी, असे बदलते तपशील त्याला वेगळ्या कार्डांवर भोकं पाडून द्यायचे. ते कसे लिहायचे यावरून कचेरीत भांडण होतं. साहेबांना नुसती घरं आवडत: पहिल्या दोन घरांत एक आकडा, पुढच्या दोन घरांत दुसरा, नाव कशालाच नाही. भाऊजींचं म्हणणं, आधी नाव, मग बरोबर, मग आकडा. "माणसाले आपण नावानं हाक मारतो, मंग आकड्यानं काय पाप केलं?" असं ते म्हशीखाली बसलेल्या माझ्या आईलाही विचारत. आई म्हणे, काहीच नाही बाप्पा, आणि धार काढत राही.

घरांवर त्यांचा राग उगाच नव्हता. एकदा कार्डावर एक घर चुकून मोकळं सुटलं, पुढचे सगळे आकडे एकेक घर सरकले, आणि यंत्र प्रत्येक कागदावर एकच ओळ छापू लागलं. कुणाला थांबवता येईपर्यंत सगळी कचेरी गुडघाभर कागदात होती. भाऊजींनी त्यातले भारेच्या भारे एसटीच्या टपावर टाकून आणले, आणि त्या उन्हाळ्यात आमच्या आळीचे पापड त्यांच्यावरच वाळले.

शेवटी साहेब म्हणाले, ज्यानं यंत्र पाहिलं नाही अशा माणसाला तुमची पद्धत कळते हे दाखवा, मग ठरवू. नेमकं त्याच वेळी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. नवरदेव मेडशीचा, आचारी मंगरूळपीरचा. भाऊजींना आचाऱ्यात आपलं यंत्र दिसलं.

आधी त्यांनी साहेबांची पद्धत आजमावली. मीठ, तिखट, तेल सगळं घरांत बसवून नुसत्या आकड्यांची एक ओळ आचाऱ्याच्या हाती दिली. आचाऱ्यानं ती पाहिली, डावीउजवीकडे नजर टाकली आणि घडी करून खिशात घातली. संध्याकाळपर्यंत शेलूबाजारातला प्रत्येक चहावाला तिच्यातून मटक्याचा आकडा काढत होता. नागपूरच्या जवायानं दिलेला आकडा, तोही कचेरीतल्या त्या कॉम्प्युटरच्या इंजिनाला विचारून! आकडा लागला नाही. पुढे कित्येक दिवस भाऊजींच्या जयभीमला चौकात कुणी धड उत्तर देत नव्हतं. ते मात्र खूश होते. घरांची पद्धत हरली होती.

लग्नाच्या सकाळी त्यांनी आपल्या पद्धतीचा कागद दिला. मीठ बरोबर चार ओंजळी, तिखट बरोबर दोन, असं एकाखाली एक. आचाऱ्यानं तो मोठ्यानं वाचून दाखवला आणि भाऊजींचे डोळे पाणावले. गोम एवढीच, की वरचा अर्धा कागद वरणाचा आणि खालचा वांग्याच्या भाजीचा, हे भाऊजींच्या मनात होतं, कागदावर नव्हतं. मीठ दोनदा आलं होतं. आचाऱ्यानं दोन्ही मिठं इमानदारीनं वरणात ओतली, आणि भाजी अळणी राहिली.

विहारातून पाहुणे पंगतीकडे निघाले तेव्हा ताईनं वरण चाखलं. भाऊजींची बायको ती. तिनं आचाऱ्याकडून कागद घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला. पदर खोचून, दोन माणसं लावून तिनं वरणाचं गंज, म्हणजे ते भलं मोठं पातेलं, सरळ भाजीच्या कढईत रिकामं केलं. मग सरपणाच्या ढिगामागे डोकं धरून बसलेल्या नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मिठाच्या वर वरण लिवाले काय हात दुखून राह्यले होते तुमचे?"

भाऊजींनी मान वर केली. "पुन्हा म्हण."

"वर लिवा वरण, खाली त्याचं मीठ. मंग लिवा भाजी, खाली तिचं मीठ. एवढं तं कोनालेबी समजते."

भाऊजी उठले. त्यांनी भर मांडवात, मेडशीच्या पाहुण्यांसमोर ताईचे दोन्ही हात धरले, आणि ताई लाजून इतकी लाल झाली की नवरीकडे कुणी पाहीना. पंगतीत त्या वरण-वांग्याला तिसऱ्यांदा मागणी आली. व्याह्यांनी पदार्थाचं नाव विचारलं. आचाऱ्यानं शांतपणे सांगितलं, ही नागपुरी पद्धत आहे.

रजा संपायच्या आतच भाऊजी नागपूरला पळाले. प्रत्येक गटाच्या डोक्यावर मथळा आणि त्याखाली त्याचे तपशील, ही मांडणी साहेबांनी मुकाट मान्य केली. मग ती मुंबईच्या कचेरीलाही आवडली, आणि तिनं भाऊजींनाच मागून घेतलं.

मुंबईला जाण्याआधी दोघं भेटायला आले होते. परतताना एसटी सुरू झाली तरी भाऊजी खिडकीतून अर्धे बाहेर येऊन, मथळ्याच्या पोटात आणखी एक मथळा बसवता येईल का, हे मला हातवारे करून सांगत होते. इंजिनाच्या आवाजात मला एक शब्द ऐकू आला नाही. मी मान डोलावत राहिलो, गाडी वळणाआड गेली तरी. मला ते सगळं समजेल, असा इतका ठाम विश्वास माझ्यावर त्यानंतर कुणी ठेवला नाही.