गर्भाला शिकवणारा माणूस
गुलाबपाण्याचा वास आला की मला मेलकावेरी या तमिळ गावातलं ते कल्याणमंडपम्, म्हणजे लग्नाचं कार्यालय, आठवतं. दारात गुलाबपाणी शिंपडून, कपाळाला चंदन लावून गरोदर बायकांना आत बसवत होते. धाकट्या बहिणीला दुसऱ्यांदा दिवस गेले होते, म्हणून तिच्या सासूने आम्हा दोघींना तिथे धाडलं होतं. तिचं पहिलं बाळ दूध गिळता न आल्याने काही आठवड्यांतच गेलं होतं. रेशमी अंगवस्त्रातला, गुळगुळीत आवाजाचा वक्ता तमिळमध्ये सांगत होता, "बाळाचा मेंदू आईच्या विचारांनी घडतो. आई दुःखी, तर बाळ गिळायलाही शिकत नाही." बहिणीने मान खाली घातली. मी तेव्हा कोंबडीच्या भ्रूणांत मेंदू कसा घडतो याचाच अभ्यास करत होते. उठून म्हणाले, "गिळणं चालवणाऱ्या पेशी मेंदूच्या मागच्या भागात असतात. कोणती पेशी कुठे घडायची ते जनुकं ठरवतात, आणि ते काम सुरू होतं तेव्हा दिवस गेल्याचं आईला पुष्कळदा ठाऊकही नसतं." तो हसला. "अम्मा, विज्ञान शेवटी श्रद्धेपाशीच येतं." टाळ्या पडल्या. तशी बहीण उभी राहिली. "बाळ पोटात होतं तेव्हा मी सुखात होते," ती त्याला म्हणाली. "रडले ती बाळ गेल्यावर." टाळ्या थांबल्या, पण त्याने न अडखळता एक श्लोक सुरू केला. "चल अक्का," म्हणत बहिणीने मला बाहेर आणलं. पुढे तिला धडधाकट मुलगी झाली, तर हा माणूस ते आपल्याच व्याख्यानाचं फळ म्हणून सांगत फिरला. त्याचे फलक अजून गावात लागतात. मला त्याचा राग येत नाही. रागवायलाही समोरचा माणूस थोडा मोठा लागतो.