पालथ्या फरश्या

हातोडी दगडावर हलकेच टेकवायची, कान लावायचा, आणि मग म्हणायचं, "बाई, दगडाले घाई नसते, आपल्यालेच रायते." घण त्यानंतर. ही आमच्या खाणीतल्या जुन्या कारागिराची, चाचांची रीत. भद्रावतीकडच्या आमच्या खाणीत चाचांसारखी फरशी कुणी काढली नाही. घमेली वाहून मान मोडून घेतलेली बाई सांगते आहे, खोटं कशाला सांगू?

त्या पिवळट दगडात कधी कधी पानाचा ठसा निघायचा. जिभेसारखं लांबट पान, मधली शीरसुद्धा दिसायची! आम्ही बाया बघत राहायचो, चाचांचं तोंड उतरायचं. पान असलं की फरशीचे पापुद्रे सुटतात, ठेकेदार घेत नाही. "दागी माल," म्हणत ते ढिगावर फेकायचे.

पुढे खाण बंद पडली. ढिगाची खडी होऊन रस्त्यात गेली. आणि मग चंद्रपूरहून कॉलेजच्या मॅडम त्याच पानांचे ठसे शोधत आल्या. त्या बोलल्या ते ऐकून माझ्या अंगावर काटाच आला बघा. म्हणे इथे नदी होती, तिच्या गाळात पानं पडली, गाळाचा दगड झाला. तसल्याच झाडांचा आपल्याकडचा कोळसा! माणूस जन्मलासुद्धा नव्हता तेव्हा. खाणीचा खड्डा आता बुजवणार, म्हणाल्या, एक तरी पान मिळालं नाही तर इथलं काहीच उरणार नाही.

चाचा ढिगाच्या रिकाम्या जागेत जाऊन बसले. "म्या फेकले, मॅडम. सारे म्याच फेकले."

मग काय आठवलं कोण जाणे, उठून घराकडे पळत सुटले. आम्ही मागे. पहार घेतली आणि स्वयंपाकाच्या जागेतली फरशी उखडायला लागले. चूल पेटलेली, भात चढलेला. चाची म्हणाली, "दुनियेले फरशी देल्ली, अन् मले माती देऊन राह्यले काय?"

पहिली फरशी उलटली. खाली पान! दुसरी उलटली, दोन पानं! अहो, घर बांधताना चाचांनी दागी मालच आणला होता, आणि कारागिराच्या घरात डाग दिसू नये म्हणून सगळा पालथा घातला होता.

मॅडम तिथेच मांडी घालून पदराने माती पुसू लागल्या. चाची त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनेच भात उतरवला, लाकडं ओढून विझवली. "चुलीखालची बी काढा," म्हणाली, "ते मोठी हाय."

चाचा वारल्यावर मी चाचीला कॉलेजात घेऊन गेले. काचेच्या कपाटात फरश्या मांडलेल्या, खाली चिठ्ठीवर आमच्या गावाचं नाव. पोरं गोळा झाली. चाची काचेवर बोट ठेवून त्यांना सांगत होती, ही दारातली, ही चुलीखालची, अन् हे, "ह्याच्यावर ते जेवाले बसे."