गोकर्णाची मागची बाजू

हैद्राबादचं राज्य गेलं, शाळेतली उर्दू गेली आणि जालन्याच्या हायस्कुलात वनस्पतिशास्त्र मराठीतून शिकवायची पाळी माझ्यावर आली. नोकरी हंगामी. तपासनीस साहेब पाठ बघणार; पसंत पडला तर कायम, नाहीतर वळकटी बांधून हसनाबादला शेतावर.

पाठ निवडला फुलाच्या बाजूंचा. फुलाची खोडाकडची ती पश्च बाजू, खोडापासून लांबची ती अग्र. वाटाण्याच्या फुलात मोठी पाकळी पश्च बाजूला असते. गोकर्णाचं फूल मात्र देठावर उलटं फिरतं नि तीच पाकळी अग्र बाजूला येते. ही गंमत दाखवून साहेबांना गार करायचा बेत होता. शिपायाला फुलं आणायला मस्तगडला पिटाळलं. त्यानं एवढी गोकर्णं आणली, की अर्ध्या जालन्यातले देव त्या दिवशी फुलांवाचून बसले असतील.

पाठाच्या वेळी साहेब हेडमास्तरांना घेऊन वर्गात आले आणि त्यांनी एक फूल उचललं. "मास्तर, याचं खोड कुठल्या अंगाला होतं?"

बघतो तर एकाही फुलाला देठ नाही!

"काय रे हे?" मी शिपायावर डोळे वटारले.

"बराबर निवडून आणलेत, गुर्जी. देवाच्या फुलाला देठ कोन ठेवतं?"

मला घाम असा फुटला, की कुंडलिकेला पूर कसा आला नाही, कुणास ठाऊक. खिडकीबाहेर हेडमास्तरांच्या कुंपणावर गोकर्णाचा वेल होता. तो त्यांच्या बायकोच्या पूजेचा. शेळ्यासुद्धा त्याला वळसा घालून जात. मी खिडकीतून उडी टाकली. खिडकी किती उंच होती ते सांगत नाही, कुणाला पटायचं नाही. हातभर वेल फुलांसकट तोडला आणि आलो तसाच परत.

"बघा साहेब, खोड इकडं, मोठी पाकळी तिकडं!"

साहेबांनी वेल फिरवून फिरवून पाहिला. "बिलकुल बरोबर!" मग हेडमास्तरांना म्हणाले, "यांना कायम करून टाका."

"करतो की," हेडमास्तर त्या वेलाकडं बघत दात आवळून म्हणाले. "फक्त उद्यापासून आमच्या घरी पूजेची फुलं हे आणून देतील."

दुसऱ्या दिवशी परडी घेऊन दारात उभा राहिलो. हेडमास्तरीणबाईंनी मला आधी कधी पाहिलेलं नव्हतं.

"काय हो, काल ज्यांनी माझा वेल ओरबाडला ते मास्तर कोणते?"

"ते हंगामी होते, बाई," मी म्हटलं. "गेले."